भाकर, ऋण आणि शेवटची ओळ : प्रस्तावना

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना कोकणपट्टीत दोन टोकांकडून आली. दक्षिणेला गोव्यात पोर्तुगिजांच्या मागोमाग लॅटिन परंपरेचे धर्मगुरू आले. त्यांच्यातला थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला, इथल्या भाषा शिकला, १६१६ मध्ये त्याने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ छापले आणि त्याच्या मागे १६२२ मध्ये त्याची कोकणी प्रश्नोत्तरी प्रसिद्ध झाली. उत्तरेला, आजच्या मंडणगड तालुक्यातल्या बाणकोटला, १८२३ साली स्कॉटिश मिशनने ठाणे मांडले आणि पुढे हर्णैतही काम सुरू केले. दोघांची प्रार्थना एकच. पण गोव्याकडची प्रार्थना वाइटापासून सुटका मागून थांबत होती, आणि बाणकोटकडची त्यापुढे आणखी एक ओळ म्हणत होती : राज्य, सामर्थ्य आणि गौरव सर्वकाळ देवाचेच आहे अशा अर्थाची. मुंबईकडून आणि गोव्याकडून येणारी वाहने हातखंब्याच्या तिठ्यावर समोरासमोर येतात. त्यांतल्या दोन ख्रिस्ती प्रवाशांनी ही प्रार्थना एकत्र म्हणायची ठरवली, तर एक जण आधी थांबेल आणि दुसरा पुढे चालू ठेवेल. हा फरक ना स्टीफन्सने केला, ना स्कॉटिश पाद्र्यांनी. लॅटिन बायबलात ती ओळ नव्हती आणि उत्तरकालीन ग्रीक हस्तलिखितांत ती होती. १५१६ साली इरास्मसने ग्रीक नवा करार छापला तेव्हा शंका असूनही ती ओळ ठेवली, आणि प्रॉटेस्टंट भाषांतरे त्याच छापील परंपरेवर वाढली. म्हणजे कोकणात पोचलेले भांडण मुळात हस्तलिखितांचे आहे, आणि हस्तलिखितांच्याही मागे ते बरेच खोल जाते. ते किती खोल जाते आणि कुठे थांबते, हे या प्रस्तावनेत तपासायचे आहे.

पुढच्या पानांत प्रार्थनेचे तीन प्राचीन पाठ शेजारी शेजारी दिले आहेत. पहिला मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला, डोंगरावरील प्रवचनाच्या मध्यावर येणारा. दुसरा लूकच्या अकराव्या अध्यायातला. तिथे एक शिष्य येशूला म्हणतो की योहानाने आपल्या शिष्यांना प्रार्थना शिकवली तशी तुम्हीही आम्हाला शिकवा, आणि उत्तरादाखल ही प्रार्थना येते. तिसरा ‘दिदाखे’ किंवा ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या लहानशा ग्रंथातला. हा ग्रंथ पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा मानतात. १०५६ साली लिहिलेली त्याची प्रत फिलोथिओस ब्रिएनिओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली आणि १८८३ मध्ये छापली गेली. चिकित्सक आवृत्तीत मत्तयची प्रार्थना ५७ ग्रीक शब्दांची आहे, लूकची ३८. लूकमध्ये संबोधन नुसते ‘पित्या’ एवढेच. ‘आमच्या’ नाही, ‘स्वर्गातील’ नाही. देवाची इच्छा पृथ्वीवर पूर्ण होवो ही मागणी नाही, वाइटापासून सुटकेची मागणी नाही. जिथे मागण्या सारख्या आहेत तिथे शब्द हलतात : मत्तय भाकर ‘आज’ मागतो, लूक ‘रोजच्या रोज’, मत्तय ‘ऋण’ म्हणतो, लूक ‘पाप’. दिदाखेचा पाठ जवळजवळ मत्तयसारखा आहे आणि त्याच्या शेवटी ती वादग्रस्त ओळ आहे, पण अपुरी : सामर्थ्य आणि गौरव आहे, राज्य नाही.

‘मूळ कोणते?’ हा प्रश्न वाचकाच्या तोंडी लगेच येतो, आणि बरीचशी चर्चा तिथेच फसते. या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. नक्कलकारांनी लिहिण्यापूर्वी मत्तयच्या आणि लूकच्या ग्रंथांत काय होते, हा पहिला. त्या दोघांच्या हाती प्रार्थना आली तेव्हा ती कशी होती, हा दुसरा. येशूच्या तोंडचे शब्द कोणते, हा तिसरा. मराठी वाचकाला ही उतरंड नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वि. सी. सुखटणकरांनी १९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले की हाती आलेली संहिता व्यासांचा आदिपाठ नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जास्तीत जास्त मागे जाता येईल तिथला तो पाठ आहे. एवढी एक मर्यादा पाळली की अर्धा गोंधळ निवळतो. माझे म्हणणे असे : पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ ठामपणे देता येते, दुसऱ्याचे बऱ्यापैकी, आणि तिसऱ्याचे फक्त दिशेपुरते. आणि दुसऱ्या पातळीवर जे उत्तर निघते ते दोन्ही पक्षांना अर्धे अर्धे गैरसोयीचे आहे : लांबीच्या बाबतीत लूक जुना, शब्दांच्या बाबतीत मत्तय.

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू, कारण तिचा निकाल सोपा आहे. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत मत्तयच्या प्रार्थनेला ही ओळ नाही. बेझा हस्तलिखितात नाही. जुन्या लॅटिन भाष्यकारांना ती ठाऊक दिसत नाही. उलट नंतरच्या बहुसंख्य ग्रीक प्रतींत ती आहे. नक्कलकाराने इतकी गोड, इतकी घोळवून म्हणण्याजोगी ओळ मुद्दाम गाळली असे मानायला कारण सापडत नाही. ती घातली गेली याला मात्र दिदाखेतच साक्ष आहे. तिथे भोजनप्रसंगीच्या दुसऱ्या प्रार्थनांच्या शेवटीही जवळजवळ हेच शब्द येतात. म्हणजे हा समारोप सुटा होता, हव्या त्या प्रार्थनेला जोडता येत होता. आपल्याकडे कोणत्याही देवाची आरती झाली की ‘घालीन लोटांगण’ सुरू होते. त्यातले पहिले कडवे मराठी, बाकीची संस्कृत, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली. तरी कोकणातल्या गणपतीपुढे उभा राहिलेला मुलगा ते सगळे एकसंध समजूनच पाठ करतो. त्याला कोणी आरतीची वही लिहायला सांगितली तर तो ते आरतीखालीच लिहील, मध्ये रेघ मारणार नाही. मत्तयच्या नक्कलकाराने नेमके हेच केले. उपासनेत रोज कानावर पडणारे त्याच्या लेखणीतून उतरले.

यावर एक आक्षेप असतो आणि तो हलका नाही. दिदाखे जर चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांपेक्षा जुने असेल, तर ओळही जुनीच ठरते. मग ती ‘नंतरची’ कशी? उत्तर असे की ओळ जुनी आहे, पण मत्तयच्या ग्रंथातली नाही. उपासनेतले वय आणि ग्रंथातले वय वेगळे असू शकते. ज्यू परंपरेतही प्रार्थनेचा शेवट म्हणणाऱ्याने स्तुतीने करायचा, तो दर वेळी लिहून द्यायचा नाही, अशी रीत होती, आणि योआखिम येरेमियास यांनी याच आधारावर म्हटले की ही प्रार्थना स्तुतीविना कधी म्हटलीच जात नसेल. ते खरे मानले तरी शब्द ठरलेले नव्हते, एवढे दिदाखेचे अपुरे रूपच सांगते.

लूकच्या हस्तलिखितांत हीच प्रक्रिया पायरी पायरीने दिसते. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा समजला जाणारा पंच्याहत्तर क्रमांकाचा पपायरस आणि व्हॅटिकन हस्तलिखित यांत छोटा पाठ आहे. सिनाई हस्तलिखितात मूळ नक्कलकाराने लूकमध्ये इच्छेची मागणी घातली आहे, पण वाइटापासून सुटकेची नाही. ती दुरुस्ती करणाऱ्याने नंतर वर लिहिली. पुढच्या बहुसंख्य प्रतींत दोन्ही मागण्या आहेत आणि संबोधनही मत्तयसारखे झाले आहे. लूकची प्रार्थना मत्तयसारखी करून घेण्याची ही ओढ शेकडो प्रतींत दिसते; मत्तयची प्रार्थना कापून लूकएवढी केल्याचे उदाहरण मात्र दिसत नाही. मुखोद्गत झालेला पाठ लिहिणाऱ्याच्या हाताला ओढतो आणि तो नेहमी लांब पाठाकडे ओढतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. लोक ओव्या घालत होते, गाळत नव्हते, म्हणूनच ताकीद घालण्याबद्दल आहे. काही थोड्या प्रतींत मात्र लूकचा पाठ तिसऱ्याच वाटेने जातो : राज्याऐवजी पवित्र आत्मा आमच्यावर येवो आणि आम्हांला शुद्ध करो अशी मागणी. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीला हा पाठ माहीत होता. तो बहुधा बाप्तिस्म्याच्या उपासनेतून आला असावा. मूळ मानायला तो फार एकाकी आहे.

आता दुसरी पातळी. तिथे सर्वांत जुनी आणि अजूनही लोकप्रिय सोडवणूक म्हणजे येशूने प्रार्थना दोनदा शिकवली, एकदा लोकसमुदायाला आणि एकदा शिष्यांना. तिसऱ्या शतकात ओरिगेनने प्रार्थनेवरच्या आपल्या ग्रंथात तसे सुचवले होते, आणि भाविकाला ती पटणे स्वाभाविक आहे. दोन्ही शुभवर्तमाने सरळ खरी राहतात. पण या उपपत्तीच्या वाटेत एकच शब्द उभा आहे, आणि तो त्याच ओरिगेनने दाखवून दिला. भाकरीच्या आधी दोन्ही शुभवर्तमानांत ‘एपिऊसिओस’ हे विशेषण येते. ओरिगेन म्हणतो की हा शब्द ना विद्वानांच्या लिखाणात सापडतो, ना सामान्यांच्या बोलण्यात. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा. त्याचा अर्थ रोजची, उद्याची, की जगायला लागेल तेवढी, यावर आजही एकमत नाही. जेरोमने लॅटिन करताना मत्तयमध्ये अलौकिक पोषणाचा अर्थ देणारा एक शब्द घडवला आणि लूकमध्ये ‘रोजची’ हाच शब्द ठेवला. एकाच शब्दाची एकाच माणसाने केलेली ही दोन भाषांतरे पाहिली की त्याची अडचण कळते. मराठी बायबलने ‘रोजची भाकर’ स्वीकारली, आणि भाकरीचा प्रश्न म्हणजे पोटाचा प्रश्न हा अर्थ भाषेतच असल्यामुळे भात खाणाऱ्या कोकणातही ती परकी वाटली नाही.

आता विचार करा. येशू अरामी बोलत होता. दोन वेगळ्या प्रसंगी त्याने प्रार्थना शिकवली असती आणि दोघांनी ती स्वतंत्रपणे ग्रीकमध्ये आणली असती, तर दोघांच्याही लेखणीतून हाच कुठेही न आढळणारा शब्द कसा उतरला असता? मत्तय आणि लूक यांच्या मागे एकच ग्रीक भाषांतर आहे, लिखित असो की मुखोद्गत. एकाच शब्दावर एवढा भार टाकावा का, असे कोणी विचारील. १८८९ मध्ये इजिप्तमधल्या हवारा येथे सापडलेल्या पपायरसावरच्या घरखर्चाच्या यादीत आर्चिबाल्ड सेस यांनी हाच शब्द वाचला आणि तो बाजारातलाच होता असे काही काळ वाटू लागले. मग तो पपायरस हरवला, आणि मूळ न पाहता त्याचा दाखला शतकभर पुस्तकांतून फिरत राहिला. १९९८ मध्ये तो येल विद्यापीठात सापडला. पुन्हा तपासल्यावर शब्द निघाला ‘तेल’. विद्वानांच्याही पाठांतरावर किती भरवसा ठेवावा याचा हा चांगला नमुना आहे, आणि आपल्या युक्तिवादाला तो बळच देतो.

मूळ ग्रीक एकच मानले की शब्दांचे फरक वाचता येतात. ऋण आणि पाप यांचेच पाहा. अरामी भाषेत ‘होबा’ हा एकच शब्द देणे आणि अपराध या दोन्ही अर्थांनी चालतो. मत्तयने अक्षरशः ‘देणी’ म्हटले. लूकच्या ग्रीक वाचकाला देवाचे देणे म्हणजे काय, हे कळायला अवघड, म्हणून तिथे ‘पापे’ आले. पण त्याच वाक्याच्या उत्तरार्धात लूक आमच्या ‘देणेकऱ्यां’चा उल्लेख तसाच ठेवतो. पहिल्या अर्ध्यात बदल झाला, दुसऱ्यात जुना शब्द राहून गेला, सांधा दिसतो. इथे मराठी वाचक ग्रीक वाचकापेक्षा मूळ अर्थाच्या जवळ उभा आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही कल्पना आपल्या भाषेत मुरलेली आहे, ऋणानुबंध हा शब्द आपण हिशेबाची वही न उघडता वापरतो. म्हणून मराठी बायबलने मत्तयमध्ये ‘ऋण’ आणि लूकमध्ये ‘पाप’ ठेवले ते योग्यच झाले. फक्त एक फरक लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडे ऋण फेडायचे असते. पितृऋण कोणी माफ करत नाही. या प्रार्थनेतले ऋण सोडले जाते. येशूच्या श्रोत्यांपुढे सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याचा मोशेच्या नियमशास्त्रातला दंडक होता, आणि ‘सोड’ या क्रियापदाला त्या व्यवहाराचा वास आहे. इंग्लंडच्या चर्चने सोळाव्या शतकापासून इथे ‘अपराध’ या अर्थाचा शब्द चालवला, स्कॉटलंडच्या चर्चने ‘देणी’च ठेवली.

भाकरीच्या मागणीतही मत्तयचे ‘आज’ जुने वाटते. लूक जे ‘रोजच्या रोज’ म्हणतो ते शब्द त्याच्या लिखाणात इतरत्रही येतात. ती त्याची लकब आहे. दिवसभराची मजुरी संध्याकाळी घेणाऱ्याची मागणी आजपुरती असते. ती कायमची सोय झाली की ‘रोज’ होते. शब्दांबाबत मत्तय जुना, हे येरेमियास यांचे मत म्हणूनच बळकट आहे. लांबीबाबत मात्र तेच येरेमियास लूककडे जातात, आणि तिथे खरा विरोध सुरू होतो.

१९६३ मध्ये मायकेल गोल्डर यांनी मांडले की ही प्रार्थना मत्तयने स्वतः रचली. मार्कच्या शुभवर्तमानात येशू गेथशेमानेच्या बागेत देवाला पिता म्हणतो, माझी नव्हे तुझी इच्छा होवो म्हणतो, शिष्यांना परीक्षेत पडू नये म्हणून प्रार्थना करायला सांगतो. दुसरीकडे प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा क्षमा करा म्हणजे स्वर्गातला पिता तुम्हांला क्षमा करील असे सांगतो. हे तुकडे मत्तयने एकत्र गुंफले आणि लूकने मत्तयवरून संक्षेप केला, असे गोल्डर म्हणतात. मत्तय आणि लूक या दोघांना ठाऊक असलेला हरवलेला वचनसंग्रह मानण्याची मग गरजच राहत नाही. ही मांडणी चतुर आहे, आणि ‘सरळ जुने तेच छोटे’ म्हणणाऱ्या आळशी नियमाला तिने चांगला धक्का दिला. ऋण आणि पापाचा सांधाही तिच्यात बसतो, हे कबूल केले पाहिजे. पण ती एका जागी अडते. लूकला इच्छेच्या मागणीचे वावडे नव्हते. त्याच्या शुभवर्तमानात बागेतल्या प्रार्थनेत तीच भावना आहे, आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या त्याच्याच दुसऱ्या ग्रंथात पौलाला अडवू न शकलेले शिष्य अखेर प्रभूच्या इच्छेवर सोडून गप्प होतात. जे त्याला इतके प्रिय ते त्याने पुढ्यातल्या प्रार्थनेतून का काढावे? लूक इतरत्र मत्तयपेक्षा छोटे पाठ देतो हे खरे, पण तिथेही वाद हाच आहे, म्हणून तो पुरावा होत नाही. आणि मार्कमध्ये विखुरलेले तुकडे प्रार्थनेचे साहित्य असण्याऐवजी त्याच प्रार्थनेचे पडसादही असू शकतात. लांब पाठातल्या जादा ओळी पाहिल्या तर त्या प्रत्येक भागाच्या शेवटी येतात : संबोधनाच्या शेवटी, देवाविषयीच्या मागण्यांच्या शेवटी, माणसांविषयीच्या मागण्यांच्या शेवटी. समूहाने म्हणताना आवाज जिथे टेकतो तिथेच भर पडते. संक्षेप करणारा लेखक नेमक्या याच तीन जागा शोधून कापील हे अवघड.

एक आक्षेप मात्र आपल्याच परंपरेतून येतो. वेदांची अक्षरे हजारो वर्षे मुखाने टिकली. मग गुरूच्या तोंडची पाच ओळींची प्रार्थना दोन पिढ्यांत का बदलावी? वेदपाठ टिकला तो नुसत्या श्रद्धेने टिकला नाही. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशी उलटसुलट म्हणण्याची यंत्रणा उभी केली, त्यासाठी आयुष्य देणारा वर्ग होता, आणि भाषा बदलायची नव्हती. इथे पहिल्याच पिढीत प्रार्थना अरामीतून ग्रीकमध्ये गेली, आणि ती म्हणणारे कोळी, मजूर, बायाबापड्या होत्या. शिवाय मत्तयमध्ये येशू ‘अशा रीतीने’ प्रार्थना करा म्हणतो. तो नमुना देतो, मंत्र देत नाही. तिची तुलना ऋचेशी न करता आरतीशी करावी, जिथे ‘संकटी’ की ‘संकष्टी’ हा वाद दर गणेशोत्सवात निघतो आणि आरती थांबत नाही. लूकमध्ये ‘प्रार्थना कराल तेव्हा म्हणा’ असे आहे, म्हणजे ठरलेले शब्द, असे कोणी दाखवील. बरोबर; पण ठरलेल्या शब्दांचा आग्रह धरणाऱ्या त्याच ग्रंथात शब्द मत्तयपेक्षा जास्त हललेले आहेत.

तिसऱ्या पातळीवर यामुळे थोडेच हाती लागते : एक छोटी अरामी प्रार्थना, ‘अब्बा’ने सुरू होणारी, नाम आणि राज्याच्या दोन मागण्या, मग आजची भाकर, ऋणमुक्ती आणि परीक्षा. त्या काळच्या ज्यू प्रार्थनांशी, विशेषतः कद्दिशशी, पहिल्या दोन मागण्यांचे नाते उघड आहे. तिचे अरामी शब्द पुन्हा रचून दाखवणारे प्रयत्न झाले आहेत. या पुस्तकात ते घेतलेले नाहीत, कारण ते पाठ नसून अंदाज आहेत आणि अंदाज पाठाच्या रांगेत छापला की वाचक त्याला पाठ समजतो.

उरली ती शेवटची ओळ. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेनंतरच्या सुधारणांत, १९७० च्या मिस्साग्रंथापासून, कॅथलिक मिस्सेत ती परत आली आहे, पण प्रार्थनेला चिकटून नाही. लोक वाइटापासून सुटकेच्या मागणीवर थांबतात, धर्मगुरू एकटा त्या मागणीचा थोडा विस्तार करतो, आणि मग सगळे ती ओळ म्हणतात. म्हणजे हातखंब्याच्या तिठ्यावरचा तो आधी थांबलेला प्रवासीही ती ओळ म्हणणारच आहे, मध्ये धर्मगुरूचे चार शब्द ऐकून. दिदाखेच्या काळी ती जशी सुटी होती तशी ती इथे पुन्हा सुटी झाली आहे. या पुस्तकात मत्तयच्या पाठाखाली एक ओळ मोकळी सोडून ती लहान अक्षरांत छापली आहे, आणि दिदाखेच्या स्तंभात तिची दोनच पदे आहेत. तिसऱ्या पदाची जागा रिकामी ठेवली आहे ती छपाईची चूक समजू नये.

हातखंबा, जि. रत्नागिरी